तुमचे मोठे ब्रेक

आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि अक्षर ओळीवर राहणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून सही, किराण्याची चिठ्ठी आणि आपल्या लेकीच्या, प्रीतीच्या वहीवर 'पाहिले', एवढंच लिहीत आले. तुम्ही म्हणायचे, "सुनंदा, तुह्यं अक्षर म्हणजे बैहर रोडची बस. एक खड्डा सोडत नाई." आजही सोडणार नाही. हसले तरी चालेल. तुम्ही हसावं असंच वाटतं.

तुम्ही गेल्यापासून जो नवा माणूस भेटतो तो हेच विचारतो, "अ‍ॅक्सिडेंट झाला काय?" ड्रायव्हर गेला म्हणजे रस्त्यानंच नेला असणार. मी मान हलवते आणि छातीत दुखलं एवढं सांगते. पुढे सांगावंसं वाटतं की बाप्पा, त्या माणसानं तर गाडी थांबावी म्हणून घराचं छप्पर थांबवून ठेवलं होतं. पण तुम्हाला माहीत आहे, चार माणसांत माझा आवाज घशातच बसतो. म्हणून इथे लिहिते.

मलाजखंडच्या लग्नाहून परत येत होतो तो दिवस. मागच्या सीटवर तुमच्या आत्याबाई, आणखी म्हातारी माणसं, आहेराची भांडी आणि शिदोरीचा डबा. मी तुमच्या बाजूला. घाट लागला की माझा डावा हात खिडकीवरचं हँडल धरायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून तो घाट मी हात मोकळा ठेवून कधी उतरले नव्हते. त्या दिवशी अर्ध्या उतारावर जळका वास आला. मला वाटलं, मागे कोणाच्या विडीनं पदर जळला. मग तुमच्या पायाकडे लक्ष गेलं. भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं ब्रेकचं पॅडल खाली जात होतं, आणि गाडी आपली चाललीच होती.

तुम्ही पॅडलचा नाद सोडला. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगात घातली. आत्याबाई जाग्या झाल्या.

"काहून थांबला रे? लघवीले काय?"

"हौ आत्या. ज्याले उतराचं त्यानं उतरून घ्या."

सगळे उतरले. तुम्ही स्टेअरिंग धरून बसून राहिले. तुमच्या मानेवरचा घाम कॉलरमध्ये उतरत होता. काय झालं होतं ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. चाकं थंड होईपर्यंत मी खाली सावलीत शिदोरी उघडली आणि म्हाताऱ्यांना बुंदी वाढली. आत्याबाई म्हणाल्या, "जागा चांगली पाहून थांबला पोट्टा."

त्यानंतर तुमचं जेवणात लक्ष नसायचं. ताटाच्या बाजूला मोबाईल, आणि मोबाईलमध्ये कोणत्या ना कोणत्या गाडीचं उघडं चाक. एकदा माझ्याकडे सरकवला.

"हे पाह्य. हे डिस्क ताटाएवढी आहे. आपल्या गाडीची बशीएवढी. बशी लवकर तापते."

"आणि हे लाल काय आहे?"

"कॅलिपर. डिस्कले दोन्हीकडून दाबून धरते. आपल्यात आतून एकच पिस्टन दाबते, ह्याच्यात चार. एका हातानं पाण्याचा गुंड धरणं न् चार हातांनी धरणं, फरक पडन का नाई?"

मी म्हटलं, गाडी तर थांबते. तुम्ही म्हणाले, "रिकामी थांबते. सपाटीवर थांबते."

तेव्हाच आमच्या बचत समूहातून मला कर्ज मिळालं होतं, स्वयंपाकघरावर टिनं टाकायला. मातीच्या कवेलूंवर माकडं नाचायची आणि पावसाळ्यात मी चुलीवर छत्री बांधून सयपाक करायची, ते तुम्ही पाहतच होते. म्हणून तुम्ही लगेच मागितलं नाही. भात कालवत बसायचे, घास तोंडात जायचा नाही. शेवटी म्हणाले, "सुनंदा, टिनं एक वर्ष थांबतीन काय?"

मला इतका राग आला की मी बोलले. मी बोलले म्हणजे किती राग आला असेल ते समजा. म्हटलं, टिनं दिसतात, शेजारीण म्हणते सुनंदाच्या घरावर टिनं पडली. ब्रेक कोणाले दिसते? त्यात तुम्ही सांगितलं की मोठ्या ब्रेकवर जुनी चाकं बसत नाहीत, रिमही मोठे घ्यावे लागतील. मी म्हटलं, "चपलेसाठी पाय बदलाले लागते काय?"

तुम्हाला हसू आलं, पण दाबलं. म्हणाले, "ज्या ब्रेकची कोणाले आठवणच येत नाई, ते चांगले ब्रेक. मले तसे पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पैसे मी तुमच्या ताटाजवळ ठेवले आणि आत निघून गेले. आनंदानं दिले नव्हते. तुम्हीही ते ओळखून होते. ते भांडण आपण पुरं केलंच नाही.

नागपूरहून बसच्या टपावर खोकं आलं. गाडी चालवायच्या आधी तुम्ही गोंदियाच्या गॅरेजात कामाला होते, म्हणून बसवायला दुसऱ्याला हात लावू दिला नाही. कडुलिंबाखाली गाडी उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकनं उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. जुना कॅलिपर निघाला तेव्हा तो पाइपावर लोंबू दिला नाही, तारेनं वर बांधला. "पाइप ताणला तं आतून तुटते, वरून दिसत नाई," म्हणाले. जुनी डिस्क गंजून चिकटली होती. लाकूड मध्ये धरून तुम्ही ठोकत होते आणि सगळा मोहल्ला येऊन पाहून जात होता.

नव्या डिस्का तुम्ही पेट्रोलनं पुसून, वाळवून, पोत्यावर ठेवल्या आणि नट आणायला चौकात गेले. मी त्या पाहिल्या. कोऱ्या लोखंडाला असं कोरडं ठेवलेलं मला पाहवलं नाही. माझ्या मायनं शिकवलं होतं, नवा तवा असो की नवा विळा, आधी तेल लाव, नाहीतर सकाळपर्यंत तांबेरतो. मी जवसाचं तेल आणलं, जुन्या लुगड्याचा बोळा घेतला आणि दोन्ही डिस्का आतून बाहेरून चोळून काढल्या. कडेची भोकंसुद्धा सोडली नाहीत. काम करून मलाच बरं वाटलं. इतके दिवस रागात होते ना, म्हटलं आपलाही हात लागू दे.

तुम्ही आले. डिस्क उचलली, हातातून सटकली. बोटं नाकाला लावली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"जवसाचं तेल. गंजू नाही म्हणून."

तुम्ही ओरडाल म्हणून मी खांबाला धरून उभी होते. तुम्ही खाली बसले ते हसायलाच. हसता हसता पाना पडला. म्हणाले, "अवो, पॅडनं हिले घट्ट पकडाचं असते. तू तं तिले चकलीवानी तळाले काढली." संध्याकाळपर्यंत सवारी गाड्यांच्या स्टँडवर सगळ्यांना माहीत झालं होतं. "माह्या बायकोनं ब्रेकले फोडणी देल्ली." मी कितीतरी दिवस स्टँडसमोरून गेले नाही.

पण तेल पुन्हा पुसताना तुम्ही बोळा माझ्याच हातात दिला होता. पेट्रोलनं पुसायचं, कोऱ्या फडक्यानं कोरडं करायचं, बोट फिरवून पाहायचं, पुन्हा पुसायचं. आपण दोघं पोत्यावर समोरासमोर बसलो होतो, मध्ये ती ताटाएवढी डिस्क. लग्नात एका ताटात जेवायला बसवलं होतं, त्यानंतर आपण असे बसलोच नव्हतो.

मग नवं रिम लावून चाक फिरवलं. कॅलिपर आणि रिमच्या मधली फट पाहायला तुमचं बोट जाईना. "तुह्यं बोट घाल," म्हणाले. माझी करंगळी गेली. "लागते?" "नाही." "मंग झालं." जुनी स्टेपनी पुढे लावून पाहिली तर कॅलिपरलाच अडकली. पाचव्या रिमचे पैसे उरले नव्हते. तुम्ही मला पाठ करायला लावलं: पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. मी म्हटलं, मले कायले सांगता, मी काय गाडी चालवते? "पाठ कर," म्हणाले. मी केलं.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं, हवा काढायचं काम. ब्रेकच्या पाइपात हवा राहिली तर पॅडल पुन्हा पोचट होतं, म्हणून एकानं पॅडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाजवळचा नट सोडून हवा जाऊ द्यायची. दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. पाय पोचेना, पाठीमागे उशी दिली. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली.

"दाब. सोड. दाब. सोड. दाब न् धर."

मी धरलं.

"धरलं काय?"

मी मान हलवली. तुम्ही गाडीखाली, तुम्हाला माझी मान कुठून दिसणार?

"अवो, तोंडानं बोल. मी सांगतलं नाई तोवर सोडलं तं हवा उलटी आत जाते."

मी हळूच म्हटलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. समोर शेजारीण शेणी थापत होती, रस्त्यानं माणसं जात होती. उभ्या जन्मात मी अंगणातून तुम्हाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. जेवायला बोलवायचं तरी प्रीतीला पाठवायची. त्या दिवशी मी ओरडले, "धरलं."

"हां. आता कसं."

मग ते चालूच राहिलं. तुम्ही खालून "धर", मी वरून "धरलं". बाटलीत लावलेल्या नळीतून कोऱ्या चहासारखं काळं ऑइल यायचं, त्यात सोड्यासारखे बुडबुडे. बुडबुडे संपले की पुढचं चाक. शेवटच्या चाकाला माझा आवाज इतका सुटला होता की शेजारीण म्हणाली, "सुनंदा, नवऱ्यावर पाय ठेवून बसली काय वो?" तुम्ही गाडीखालून म्हणाले, "आजच नाई भाबी, पयल्यापासून."

ती "धर"ची हाक मला अजून ऐकू येते. कपडे पिळताना, विहिरीचा दोर ओढताना. मी थांबते.

नवे पॅड घासून जम बसावा म्हणून तुम्ही मला गोंदिया रोडवर घेऊन गेले. वेग घ्यायचा, जोरात ब्रेक लावायचा, पण पुरती थांबवायची नाही, पुन्हा वेग. मागून आलेल्या बसच्या कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "भैया, पहले सीख लो, फिर भाभी को बिठाना." तुम्ही त्याला हात दाखवला. दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येकाला तुम्ही गाडी शिकणारेच वाटले, आणि तुम्हाला त्याची मजा वाटत होती.

मग घाट. बैहरला नेलं, चहा पाजला आणि परत फिरवलं. गाडीत आपण दोघंच होतो. खाली येईपर्यंत तुमची नजर रस्त्यावर होती. सपाटी लागल्यावर विचारलं, "कसे वाटले?"

मी म्हटलं, "ठीक आहेत."

तुम्ही थोडा वेळ वाट पाहिली. मग "हौ" म्हणाले आणि गाणी लावली.

मला सांगता आलं असतं. माझा डावा हात त्या दिवशी मांडीवर होता. वळणं गेली, उतार गेला, मी सागाची झाडं पाहत होते, कोणाच्या शेतात मोहाखाली कोण बसलं आहे ते पाहत होते. इतक्या वर्षांत तो घाट मी पहिल्यांदा पाहिला. हे सगळं ओठांवर होतं. पण टिनांचा राग उरला होता थोडा, आणि लाज. म्हटलं, सांगू कधीतरी. कवेलूंतून पाणी गळायचं तेव्हा तुम्ही चोरासारखे माझ्याकडे पाहायचे. तेव्हाही सांगितलं नाही.

त्या सकाळी चहाचा कप ठेवून तुम्ही छातीवर हात दाबला. स्टँडवर तुमच्या मागे ज्यांचा नंबर लागायचा ते दिलीपभाऊ धावत आले. आपल्याच गाडीत तुम्हाला मागे झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. दिलीपभाऊंनी चौकात ब्रेक लावला आणि सगळ्यांना पुढे हिसका बसला. तुमचा चेहरा पिठासारखा पांढरा झालेला, तरी म्हणाले, "हळू पाय ठेव बे. हे जुनेवाले नाई." नंतर माझ्याकडे पाहिलं. आताही काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं. मी तुमच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत राहिले. गोंदियाच्या दवाखान्यात पोचलो, पण तुम्ही दुपारपर्यंतच राहिले.

पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावली नाहीत. कोण कोण बोललं तुमच्याबद्दल. मला बोला म्हणाले, मी हात जोडले.

मग माणसं गेली आणि समूहाचा हप्ता आला. आमच्यात एकीनं भरला नाही तर बाकीच्यांना भरावा लागतो. कोणी धान रोवायला जाते, कोणी मुरमुरे विकते. त्यांच्या तोंडचं मी घेऊ शकत नव्हते. गाडी विकणं भाग होतं. गोंदियाहून जुन्या गाड्या घेणारा एक माणूस आला. चाकाकडे वाकून पाहिलं.

"भाभीजी, ये सब निकलवा दो. पुराना पड़ा होगा ना, वो लगवा दो. ग्राहक को कंपनी का ही चाहिए. ये अलग बिक जाएगा, मैं ही ले लूँगा. आपको ज्यादा पैसा मिलेगा."

जुने ब्रेक पोत्यात बांधून चुलीमागे ठेवले होते. नर्सिंग शिकणारी आपली प्रीती सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, "आई, निकाल देते हैं ना. पापा को अब क्या फरक पड़ता है." म्हटलं आणि तिचंच तोंड लहान झालं.

मी बाहेर जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. उशी अजून तिथेच होती. पॅडल दाबलं. ते थोडं खाली गेलं आणि दगडासारखं थांबलं. तुम्ही बसवलं तेव्हा जसं होतं तसंच. मी धरून ठेवलं. हे काढून त्या बशा परत लावल्या तर ही गाडी कोणाला तरी घेऊन तोच घाट उतरणार होती. मागे कोणाची तरी आत्या झोपलेली असणार होती. मी उतरले आणि त्या माणसाला म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "सोच लो." मी मान हलवली.

दिलीपभाऊ आले तेव्हा फाटकातच उभे राहिले.

"वहिनी, गाडी मले द्या. ब्रेकसहित. एकदम पैसे नाई माह्याजवळ, आधी माही जुनी गाडी विकून काही देतो, बाकी महिन्याचे महिन्याले."

मी गाडीकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं भाव पटला नाही. ते चप्पल जमिनीवर घासत राहिले.

"भाऊंनं फोडणीची गोष्ट तं साऱ्या स्टँडले सांगतली. पण एक गोष्ट फक्त मलेच सांगतली होती. म्हणे, दिलीप, माहे पैसे वसूल झाले. घाटात तिनं हँडल सोडलं."

तुम्हाला दिसलं होतं.

रस्त्याकडे पाहत गाडी चालवणारा माणूस. मी समजत होते तुम्ही वळणं पाहत होते. मग तरी कशाला विचारलं मला? आणि विचारून पुन्हा का विचारलं नाही? हे भांडण आता मी एकटीच भांडते. जिंकता येत नाही.

दिलीपभाऊंना मी भाव केला नाही. फक्त सांगितलं की पुढचं चाक पंक्चर झालं तर स्टेपनी पुढे बसणार नाही, मागचं पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, "पाठ करा." त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं.

पैसे येत गेले, मी भरत गेले. पावसात घाटावर माती खचली, रस्ता बंद पडला आणि एक हप्ता अर्धाच झाला. समूहाच्या बैठकीत सगळ्या आपापल्या पायांकडे पाहत होत्या. आमच्या अध्यक्ष शेवंताबाई म्हणाल्या, "पुढच्या बारीले भरन ते. तिले मी ओळखते." रस्ता सुरू झाल्यावर दिलीपभाऊ स्वतः घरी आणून देऊन गेले. चहा घेतला नाही, म्हणाले सवारी गाडीत बसून आहे. हॉर्न तोच. ऐकून मी पातेलं चुलीवर ठेवलं होतं, तुम्हाला चहा टाकायला.

काल विहाराच्या ओसरीत बैठक होती. मी शेवटचा हप्ता घेऊन गेले. शेवंताबाईंनी नोटा हातात घेतल्या आणि चष्म्यावरून पाहिलं.

"काहून वो सुनंदा, कर्ज टिनांसाठी घेतलं होतं ना? तुह्या घरावर तं अजून माकडंच नाचून राह्यले. टिनं कुठी हायेत?"

सगळ्या हसल्या. वाईट हसू नव्हतं. तरी माझा आवाज घशात बसला. मग तुम्ही गाडीखाली आहात आणि मान हलवलेली तुम्हाला दिसत नाही, असं मी धरलं.

"गाडीच्या चाकात आहेत," मी म्हटलं. ओसरीच्या त्या टोकापर्यंत गेलं. "यांनी मोठे ब्रेक बसवले होते. लई चांगले होते. त्या घाटात मले पहिल्यांदा भेव नाही वाटलं."

कोणी हसलं नाही. तुम्हाला सांगायचं होतं ते बायकांना आधी सांगितलं गेलं, राग मानू नका.

शेवंताबाईंनी नोटा पुन्हा मोजल्या, पेटीत ठेवल्या, झाकण लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सुनंदाचे पैसे पुरे फिटले."